बदकं संध्याकाळी खोपटात शिरत नाहीत. काय करावं?

विजापूररोड_अंगण

नमस्कार मंडळी. घर सोलापुरात, सोरेगावच्या बाजूला, स्वतःचं कंपाउंड. सहा बदकं आहेत: चार खाकी कॅम्पबेल आणि दोन पांढरी पेकीन. वय साधारण चार महिने, अंडी अजून सुरू नाहीत. फिरायला मोकळी जागा आणि सिमेंटचा हौद (६ फूट × ४ फूट, खोली दीड फूट).

रात्रीसाठी खोपट केलंय ते असं: चारही बाजूंनी पत्रा, वरही पत्रा, आतून ५ × ४ फूट, उंची ३ फूट. पाणी शिरू नये म्हणून जमिनीपासून एक फूट वर घेतलंय. दार एक फूट रुंद, चढायला फळी टेकवलीय.

त्याच अंगणातल्या कोंबड्या दिवेलागणीला आपल्या आपण खुराड्यात जाऊन बसतात. बदकं मात्र हौदाभोवती गोल गोल पळवतात, दारापर्यंत आली तरी फुटतात. शेवटी एकेक धरून आत टाकावं लागतं. रात्री गल्लीत कुत्री असतात, मागच्या बाभळीत मुंगूस आणि मांजर दोन्ही दिसतात, त्यामुळे बाहेर सोडायची सोय नाही.

विचारायचं असं:
१) न धरता आत कशी घालायची?
२) खोपट कितपत सुरक्षित आहे, काय बदलू?
३) रात्री आत पाणी ठेवायचं का?
४) दिवा लागतो का?

---

कडबाकुट्टी

मालक, खोपटाचं वर्णन वाचलं आणि बदकांची बाजू पटली. एक फुटाचं दार, हलणारी फळी, आत काळोख आणि दिवसभर तापलेला पत्रा. आत कशाला जातील ती?

कोंबडीशी तुलना आधी सोडा. कोंबडीला अंधार पडला की नीट दिसत नाही, म्हणून ती उजेड असेतोवर उंच दांडी गाठते. बदक दांडीवर बसत नाही, त्याला मिणमिणत्या उजेडातही बऱ्यापैकी दिसतं, आणि धोका वाटला की त्याची धाव पाण्याकडे असते. रात्रीही ते चरतं, पाण्यात खेळतं. “घरी चला” हे त्याच्या अंगात नाही, ते सवयीनं लावावं लागतं. सवय लागते मात्र पक्की, कारण कळपातलं एक आत गेलं की बाकीची मागे थांबत नाहीत.

आता दारापाशी उभं राहून नीट बघा. पुढचं बदक उंबऱ्याशी येतं, मान वाकडी करतं आणि एका डोळ्यानं आत बघतं. आत काळं दिसलं की तिथंच रुतून बसतं. मागची पाच त्याच्यावर येऊन आदळतात, दार एक फुटाचं, मग एक डावीकडे निसटतं आणि सगळी त्याच्यामागे. तुम्ही म्हणताय ना “दारापर्यंत येतात आणि फुटतात”, ते हेच.

म्हणून बदल या क्रमानं करा:

दार दोन फूट रुंद, दोन फूट उंच करा. दोन बदकं खांद्याला खांदा लावून आत गेली पाहिजेत. उंबरा चार इंचापेक्षा उंच नको.

फळी काढून टाका. ती पायाखाली हलते आणि पोकळ वाजते, बदकाला दोन्ही नको असतं. त्या जागी मुरमाचा उतार करा: एक फूट चढायला चार फूट लांबी, रुंदी दोन फूट, दोन्ही कडांना विटा. पंधरा-वीस घमेली मुरूम लागेल, पाणी मारून चोपून घ्या. फळीच ठेवायची असेल तर ती दोन फूट रुंद घ्या, खाली टेकू द्या, दर चार-पाच इंचांवर आडवी पट्टी ठोका आणि वर गोणपाट ताणून बसवा.

आत दिवा हवाच. दोन-तीन वॉटचा पिवळसर एलईडी पुरतो. तो मागच्या भिंतीवर असा लावा की उजेड भिंतीवर पडेल, दारातून येणाऱ्या बदकाच्या डोळ्यात जाणार नाही. दिवस मावळायच्या आधीच लावा, म्हणजे आत-बाहेर उजेडाचा फरक राहत नाही.

संध्याकाळचं खाणं फक्त आत. तुमच्या बदकांना दिवसाला प्रत्येकी १३० ते १७० ग्रॅम खाद्य लागेल. त्यातलं दोन तृतीयांश सकाळी द्या, तीनच्या सुमारास भांडी उचला आणि राहिलेलं (सहा बदकांना मिळून ३०० ग्रॅमच्या आसपास) आत ठेवा. वर मूठभर भिजवलेला गहू किंवा मोड आलेले मूग. हा खाऊ दिवसभरात दुसरीकडे कुठेही द्यायचा नाही, नाहीतर त्याची किंमत जाते. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. पोरं प्रेमानं पाच वाजता पाव टाकतात आणि सगळी शिस्त बिघडते. (पाव तसाही देऊ नका.)

हाक एकच ठेवा. कोणतीही चालेल, पण तीच, त्याच डब्यावर, त्याच तालात. खाणं देतानाच वाजवा. बदकं पकडायला जाताना डबा वाजवलात तर तो डबा कायमचा वाया.

आणि धरणं आजपासून बंद. रोज संध्याकाळी धरता म्हणजे “ही वेळ झाली, हा माणूस आला की पळायचं” हे तुम्हीच शिकवताय. अगदीच धरावं लागलं तर पाय धरू नका. बदकाचे पाय नाजूक असतात, मांडीचा सांधा निखळतो आणि पुढं ते लंगडंच राहतं. दोन्ही पंख अंगाशी दाबून, खालून छातीला आधार देऊन उचला.

---

गेज_सोळा

वरचं सगळं बरोबर. मी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो.

आधी कोणापासून वाचवायचंय ते. मुंगूस दिवसाचं जनावर, त्याचा धोका भल्या पहाटे दार लवकर उघडलं तर. रात्रीची मंडळी वेगळी: कुत्री, मांजर, उदमांजर, घूस, घुबड. गावाबाहेर मळ्यात कोल्हा, खोकड. नान्नजच्या माळाकडे तर लांडगाही आहे. प्रत्येकाची रीत वेगळी. कुत्रं ढकलतं आणि उकरतं. मांजर जाळीतून पंजा घालतं. उदमांजर वरून, पत्र्याच्या फटीतून येतं. घूस खालून पोखरते.

जाळी: कोंबडीच्या दुकानात जी षटकोनी पातळ जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवायला ठीक, कुत्रं बाहेर ठेवायला नाही. दातानं तुटते. वेल्डमेश (तारा वेल्डिंगनं जोडलेली चौकोनी जाळी) घ्या, अर्धा इंच × अर्धा इंच, गॅल्वनाइज्ड, १६ गेज. दुकानदार २० गेज पुढं करेल, स्वस्त म्हणून. गेजचा आकडा वाढला की तार पातळ, एवढं लक्षात ठेवा. जाळी खिळे वाकवून बसवू नका. वरून लाकडी किंवा पत्र्याची पट्टी ठेवून स्क्रूनं आवळा, दर सहा इंचांवर एक.

जाळी कुठं लावायची हेही महत्त्वाचं. बदकं जमिनीवर, भिंतीला टेकून झोपतात. खालपासून जाळी असेल तर झोपलेल्या बदकाची मान किंवा पाय बाहेरून ओढला जातो. म्हणून खालचे दीड-दोन फूट पत्रा किंवा वीट, त्याच्या वर जाळी. तुमच्या खोपटात दोन्ही लांब बाजूंचा वरचा एक फूट पत्रा कापा आणि तिथं जाळी बसवा. वारा वर खेळतो, झोपलेल्या बदकांच्या अंगावर येत नाही, आणि विष्ठेचा उग्र वास बाहेर जातो. तो वास तुमच्या नाकाला झोंबत असेल तर गुडघ्याच्या उंचीवर बदकाचं काय होत असेल ते ओळखा. सकाळी डोळ्यांतून पाणी आलेलं दिसेल.

खाली: जमीन काळी असेल तर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि घुशीला आयता रस्ता मिळतो. आत मुरूम चोपून त्यावर शहाबादी फरशी टाका, सांधे सिमेंटनं भरा, दाराकडे थोडा उतार द्या (पाच फुटांत दीड-दोन इंच पुरे). बाहेरून चारही बाजूंनी दोन फूट रुंदीची जाळी जमिनीवर आडवी पसरा, भिंतीच्या पायाशी घट्ट बांधा, वर चार इंच माती किंवा दगड. उकरणारं जनावर भिंतीच्या पायाशीच उकरतं, मागं सरकून दोन फुटांवरून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. या पट्टीला एक इंची जाळी चालते. खोपटाचा घेर साधारण १८ फूट आणि चार कोपरे धरून २६ फूट लांब पट्टी लागेल. चार फुटी रोल असेल तर १३ फूट घ्या आणि मधोमध कापा.

दाराला नुसती कडी नको. कुत्र्यानं धक्के दिले की ती उड्या मारून निघते. कडी-कोयंडा आणि त्यात स्प्रिंगचा हूक. दाराच्या खालची फट अर्ध्या इंचाच्या आत. गल्लीत दोन पायांचीही जनावरं फिरतात, तेव्हा बाहेरच्या फाटकाला कुलूप लावाच.

उंदीर येऊ नये म्हणून रात्री खाद्य आत उरू देऊ नका. उंदीर आला की त्याच्या मागून साप येतो. धामण पिल्लं आणि अंडी खाते. मोठ्या बदकाला ती गिळणार नाही, पण आत शिरली तर अख्खा कळप दुसऱ्या दिवसापासून दारात पाय ठेवत नाही.

---

विजापूररोड_अंगण

धन्यवाद दोघांनाही. दार आणि उतार या रविवारी करतो. हौदाचं काय? हाकायला गेलं की सगळी हौदात उड्या मारतात आणि मधोमध जाऊन बसतात. मी काठावर फिरतो, ती मध्ये फिरतात.

---

शेततळं_बाळे

हौदाचं उत्तर सोपं आहे, बूच काढा. चार-साडेचारला पाणी सोडून द्या. रिकाम्या हौदात बदकाला रस नसतो. ते पाणी झाडांना उत्तम, नारळ-केळीला तर फारच. आपल्याकडे नळाला पाणी दिवसांआड, म्हणून जिवावर येतं हे खरं. तेव्हा तळाला बूच नसेल तर हौदावर लोखंडी चौकटीची जाळी झाका. बदकांना मान धुण्यापुरतं एक खोल घमेलं बाहेर पुरतं. पाणी रोज बदलायचं नसेल तरी संध्याकाळी हौद बंद हा नियम पाळा.

ज्यांच्याकडे शेततळं आहे त्यांच्यासाठी: प्लास्टिकचा कागद घातलेल्या तळ्यात बदकं सोडायची तर एका कोपऱ्यात काथ्याची चटई किंवा जुनं जाळं वरून खालपर्यंत बांधून सोडा. ओला कागद इतका निसरडा असतो की थकलेलं बदक बाहेरच येऊ शकत नाही. मोठ्या पाण्यातून कळप काढायला काठावरून दगड मारू नका, बदकं आणखी आत जातात. एक लांब दोर घ्या, त्याला दर दोन-तीन फुटांवर बूच लावलेल्या रिकाम्या बाटल्या बांधा, दोघांनी दोन काठांवरून दोराची टोकं धरून हळूहळू चालत या. पुढं तरंगत येणाऱ्या बाटल्यांपुढं बदकं आपोआप सरकतात. बाहेर पडायच्या जागेवर माणूस नको.

आता हाकणं. बदकांना हाकतात, त्यांच्यामागे धावत नाहीत. दोन्ही हातांत पाच-सहा फुटांच्या बांबूच्या काठ्या, टोकं जमिनीलगत, हात पसरलेले. मागून सहा-आठ फुटांवर राहा. यापेक्षा जवळ गेलात की कळप फुटतो. डावीकडे वळवायचं तर उजवी काठी थोडी पुढं करा, बस्स. एखादं फुटलं तर त्याच्यामागे जाऊ नका, थांबा. एकटं बदक फार वेळ एकटं राहत नाही, ओरडत परत येतं. तुम्ही त्याच्यामागे गेलात की उरलेली पाच मोकळी.

दाराजवळ मात्र सगळ्यांचा धीर सुटतो. पुढचं बदक दारात मान घालून बघत असताना आपण “हा आता जाईल” म्हणून एक पाऊल पुढं टाकतो, आणि तिथंच घोटाळा. ते बघत असताना दगडासारखं उभं राहायचं. अर्धा मिनिट, एक मिनिट. ते आत गेलं की मग एक पाऊल.

सुरुवातीचे काही दिवस दाराच्या दोन्ही बाजूंना कुंपणाचे पंख करा. दारापाशी दोन फूट, बाहेरच्या तोंडाला दहा-बारा फूट, प्रत्येक पंख दहा फूट लांब आणि दोन फूट उंच. खाकी आणि पेकीन एवढं ओलांडत नाहीत. हिरवी शेडनेट चालेल. तीही विकत घ्यायची नसेल तर घरातल्या जुन्या चादरी बांबूला बांधा, सोलापुरात चादरींना काय तोटा? आरपार दिसत नाही हा उलट फायदा. पलीकडचं दिसलं की बदक तिकडं घुसायला बघतं.

---

कडबाकुट्टी

यात एक भर. नवीन दार झालं की लगेच मोकळं सोडू नका. पहिले पाच-सात दिवस खोपट आणि त्याला लागून जाळीचं छोटं आवार, एवढ्यातच ठेवा. खाणं-पाणी तिथंच. “घर” कुठलं हे डोक्यात बसायला तेवढे दिवस लागतात. नुसत्या खोपटात दिवसभर कोंडू नका, पत्र्याखाली उन्हाळ्यात मरतील. आवारावर शेडनेट हवी. आठव्या दिवशी सूर्यास्ताच्या तासभर आधी, उपाशी असताना सोडा आणि खाणं आत ठेवून हाक द्या. लांब जात नाहीत. मग रोज थोडं आधी सोडत जा.

वेळ घड्याळावर नको, सूर्यावर ठेवा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या आसपास. मावळण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं सुरुवात करायची.

---

गेज_सोळा

आणि सकाळी घाई नको. अंडी सुरू झाली की बहुतेक माद्या पहाटेपासून आठ-नऊपर्यंत घालतात. साडेआठनंतर सोडलं तर अंडी आतच मिळतात, नाहीतर झुडपात घालतील आणि मुंगूस, घोरपड, कावळे यांना रोजचा पत्ता मिळेल.

---

हिप्परगा_काठ

रात्रीच्या पिण्याच्या पाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. आत पाणी ठेवूच नका. बदक नुसतं पाणी पीत नाही, पाण्यात खेळतं. रात्रीत बादली संपवून सगळी गादी चिखल करतं. ओल्या गादीवर झोपलं की छातीची पिसं भिजून गुठळ्या होतात, तळपाय फुगतात, आणि वासाचं तर विचारू नका. संध्याकाळी खाणं आणि पाणी दोन्ही आत अर्धा-पाऊण तास ठेवायचं, मग दोन्ही उचलायचं. मोठी बदकं रात्रभर त्याशिवाय राहतात.

नियम एकच: खाद्य असेल तिथं पाणी हवंच. कोरडं भरड खाऊन पाणी नसेल तर घशात अडकतं, आणि चोच बुडवता आली नाही तर नाकपुड्या बुजतात.

---

कडबाकुट्टी

@हिप्परगा_काठ, थंडीत आणि पावसाळ्यात मान्य. एप्रिल-मेमध्ये नाही. आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोपटात संध्याकाळनंतरही उकाडा राहतो. बदकाला घाम येत नाही, ते तोंड उघडून धापा टाकतं, त्यात अंगातलं पाणी जातं. तेव्हा रात्रभर पाणी नसणं धोक्याचं.

मधला मार्ग आहे. पाच लिटरचा कॅन घ्या, जमिनीपासून सात-आठ इंचांवर तीन-साडेतीन इंचांचं गोल भोक पाडा, कडा तापवून किंवा घासून बोथट करा. भोकाखाली तीन-चार इंच येईल एवढंच पाणी भरा. डोकं आत जातं, अंग जात नाही. कॅन गादीवर ठेवायचा नाही. दाराजवळ दीड फूट × दीड फुटाच्या चौकटीवर जाळी मारा, खाली खडी भरा, त्या फरशीला बाहेर जाणारी पाऊण इंची नळी द्या. नळीच्या बाहेरच्या तोंडालाही जाळी. सांडलं ते खडीतून बाहेर.

---

हिप्परगा_काठ

खडीची युक्ती बरी आहे. पण खडी दर आठवड्याला धुवावी लागेल, नाहीतर तिथंच माश्या. एवढं करणार असाल तर ठेवा पाणी.

---

शेततळं_बाळे

उन्हाळ्याचंच निघालंय तर छपराचं सांगतो. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडब्याच्या पेंढ्या सहा इंच थर देऊन बांधा, वरून जुनं जाळं टाका म्हणजे वारा उडवत नाही. बाहेरून पांढरा चुना मारला तरी फरक पडतो, पण पाचटाइतका नाही. नवीन बांधत असाल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, ऊन थेट आत येत नाही. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन फूट काढा, म्हणजे पावसाचा मारा वरच्या जाळीतून आत येणार नाही.

मे महिन्यात खोपटापेक्षा चारी बाजूंनी आणि वरून वेल्डमेश लावलेलं आवारच रात्रीसाठी बरं, खोपटाचं दार त्यात उघडं ठेवून. बदकं बाहेरच झोपतील. आवाराच्याही खालच्या दीड फुटाला पत्रा लावा, कारण वर @गेज_सोळा यांनी दिलंय. कळपात झोपताना कडेचं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपतं. तेवढ्या पहाऱ्यानं ओरडा होतो, मांजराचा पंजा काही अडत नाही.

जागा सहा बदकांना २० चौरस फूट म्हणजे प्रत्येकी तीनच्या थोडं वर. चालेल, पण सातवं आणू नका.

---

गादी_आणि_तूस

गादीबद्दल: भाताचं तूस मिळालं तर सगळ्यात चांगलं, नाहीतर लाकडाचा जाड भुसा. करवतीचा बारीक भुसा नको, ओल्या चोचीला चिकटून पोटात जातो. तीन-चार इंच थर, रोज सकाळी ओला भाग काढायचा आणि वर कोरडं टाकायचं. फरशी उघडी पडू देऊ नका, बदक जड असतं, खरखरीत कठीण जागेवर उभं राहून तळपायाला गाठ येते आणि मग ते चालायचंच टाळतं. संध्याकाळी “येत नाही” म्हणून ज्याच्यावर चिडतो त्याचा पाय उलटा करून बघावा एकदा.

सोलापुरात शेंगांची टरफलं पोत्यानं मिळतात, फुकटात म्हणा ना, आणि लोक तीच टाकतात. जरा जपून. ओल लागली की भुईमुगाच्या टरफलाला बुरशी येते, त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन, आणि पाळीव पक्ष्यांत ते बदकाला फार लवकर बाधतं, पिल्लांना तर अगदी थोडकं पुरतं. यकृत जातं. त्यामुळे टरफलं नकोत, बुरसलेली पेंड किंवा मका तर मुळीच नको.

चुना मारायचा तर बदकं बाहेर असताना भिंतींना मारा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या गादीवर चुन्याची भुकटी टाकली की पाय भाजतात.

---

विजापूररोड_अंगण

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पत्रा कापायला माणूस सांगितलाय. दोन शंका राहिल्या. एक, लाईट गेली तर? आमच्याकडे संध्याकाळीच जाते. दोन, आपोआप बंद होणारं दार मिळतं, उजेड कमी झाला की खाली येतं. घ्यावं का?

---

गेज_सोळा

दार घेऊ नका, निदान बदकांसाठी. ते कोंबड्यांच्या सवयीवर बेतलेलं असतं. उजेड कमी झाला की दार खाली येणार आणि तुमची बदकं हौदापाशीच. मग ती बाहेर, दार बंद, आणि तुम्ही निर्धास्त, म्हणजे दार नसण्यापेक्षा वाईट. बंद करण्याआधी मोजणं हे काम माणसाचंच. सहा असतील तर सहा मोजा. झुडपात अंड्यांवर बसलेली मादी रोज रात्री एक कमी करते.

लाईटसाठी बॅटरी असलेला सौर दिवा बसवा. पॅनल छपराच्या दक्षिण बाजूला, महिन्यातून एकदा धूळ पुसा. वीजजोडणीचा दिवा असेल तर वायर पीव्हीसी पाइपमधून न्या, उंदीर कुरतडतात, आणि ओल्या गादीजवळ उघडी वायर नकोच.

---

कडबाकुट्टी

दिवा रात्रभर मंद राहिला तर आणखी एक फायदा. गर्द अंधारात अचानक आवाज झाला की बदकं बिथरतात, कोपऱ्यात एकमेकांवर चढतात, खालचं चिरडतं. खाकी कॅम्पबेल त्यात जास्त भित्री. दिवाळीत आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री दिवा थोडा मोठा ठेवा आणि वरच्या जाळीला आवाजाच्या बाजूनं गोणपाट लावा. सगळ्या बाजू बंद करू नका. टोकदार पत्र्याची कड, निघालेला खिळा आत असेल तर अशा रात्रीच लागतो, आधी हात फिरवून बघा.

सवय लागलेली बदकं एखाद्या दिवशी अचानक दारात अडून बसली तर त्यांना ढकलू नका. विजेरी घेऊन आत बघा. साप, घूस, छपरातून लोंबणारी दोरी, नवीन बादली, काहीतरी बदललेलं असतं. तसं काही नसेल आणि एकच मादी मागं राहत असेल तर नराकडे बघा. नर आत दमदाटी करत असेल तर ती जात नाही. सहामध्ये नर एकच हवा. दोन असतील तर एक वेगळा करा.

---

कुमठे_नाका

माझ्याकडे मस्कोव्ही जातीची बदकं आहेत. वरचं सगळं त्यांनाही लागू होतं का? दोन माद्या रात्री कंपाउंडच्या भिंतीवर बसतात.

---

शेततळं_बाळे

मस्कोव्हीचं प्रकरण निराळं. ते मुळातच झाडावर बसणारं बदक, नखं टोकदार, माद्या हलक्या आणि चांगल्या उडतात. त्यांना आत दीड फुटावर सहा इंच रुंद, सपाट फळी द्या, वर बसतील. एकाच पंखाची लांब पिसं कापायची, बाहेरच्या टोकाकडची आठ-दहा, वरच्या आखूड पिसांच्या रेषेखाली थोडं अंतर सोडून. एकाच बाजूची कापली की तोल जातो आणि उडता येत नाही. दोन्ही कापली तर थोडं उडतात. नव्या पिसाच्या देठात रक्त दिसतं, निळसर-लालसर, ते कापू नका. पिसं झडून नवीन आली की पुन्हा कापावी लागतात.

भिंतीवरून उतरवायचं काम दिवस असेतोवर करा. अंधारात काठीनं ढोसलं तर ती शेजाऱ्याच्या बाजूला उतरते आणि तिकडं कुत्रं असतं.